स्वयंसेवकांच्या संस्थेने पगारी कार्यकारी संचालक नेमावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या पूर्व भागात विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवणाऱ्या एका संस्थेची मी अकरा वर्षं सचिव होते, बँकेतली नोकरी सांभाळून. तेव्हा संस्थेत एकही पगारी माणूस नव्हता. आज आहे. तो नेमण्याआधी आणि नेमताना आम्ही पुष्कळ चुका केल्या, आणि तेव्हापासून शहरातल्या, बार्शी-पंढरपूरकडच्या, अक्कलकोटच्या संस्थांचे लोक घरी येऊन विचारतात. प्रश्न बहुधा तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवते आहे. कायद्याचं जे लिहिलंय ते ठराव करण्याआधी तुमच्या सीएंना आणि वकिलांना जरूर दाखवा.

आमचं सगळं स्वयंसेवकांवर व्यवस्थित चाललंय. तरी पगारी माणूस घ्यावा का?

व्यवस्थित चाललं असेल तर घेऊ नका. वर्षातून एक रक्तदान शिबिर, गड्ड्याच्या यात्रेत पाण्याची सोय, जूनमध्ये वह्यावाटप एवढंच काम असेल तर पगार हा नुसता बोजा होईल. चार मित्रांनी ठरवलेलं काम चार मित्रांनीच करावं.

पण "व्यवस्थित" हा शब्द एकदा तपासून बघा. शिकवणं, वाटप, शिबिर ही कामं स्वयंसेवक मनापासून करतात आणि चांगली करतात. अडतं ते ज्याला तारीख असते तिथे. ३१ मार्चला हिशेब बंद होतो, मग सहा महिन्यांत लेखापरीक्षण. देणगीदारांची यादी मेअखेर आयकर खात्याकडे. कार्यकारी मंडळ बदललं की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. यातलं एकही काम अवघड नाही. पण प्रत्येक काम करणाऱ्याची नोकरी, घर, दुखणीखुपणी त्या तारखेच्या आड येऊ शकतात.

आमच्या ८०जी नोंदणीची (जिच्यामुळे देणगीदाराला करात वजावट मिळते) मुदत संपत आली होती. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी करावा लागतो. खजिनदारांना ते माहीत होतं, मलाही माहीत होतं. त्यांच्या घरी मुलीचं लग्न निघालं, माझ्या शाखेत तपासणी लागली, आणि दोघांनाही वाटलं की दुसऱ्याने केलं असेल. अर्ज राहिला. एका चादर व्यापाऱ्यांना आम्ही ८०जीची म्हणून पावती दिली होती, त्यांना करात वजावट मिळाली नाही. ते आम्हाला एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या दिवाळीत त्यांच्याकडून देणगी आली नाही, आणि आम्हालाही त्यांच्या पेढीची पायरी चढवेना.

तुमच्याकडे अशा गोष्टी वर्षातून दोन-तीनदा घडत असतील, सचिव रात्री अकरानंतर संस्थेची पत्रं लिहीत असेल, आणि पुढचा सचिव व्हायला कुणीच तयार नसेल, तर प्रश्न आलेला आहे असं समजा. त्यातही शेवटची खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जे पद कुणालाच नको असतं, त्यात एका माणसाच्या फावल्या वेळेत मावणार नाही इतकं काम साचलेलं असतं.

सेवेच्या कामात पगार घेणं बरं दिसतं का? लोक काय म्हणतील?

हा प्रश्न दबक्या आवाजात येतो आणि चर्चा बहुतेक वेळा इथेच थांबते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे सेवा म्हणजे फुकट, असा एक समज घट्ट बसलाय. पण ज्या माणसांनी महाराष्ट्रात संस्था उभ्या केल्या त्यांचा तो समज नव्हता. १८८४ मध्ये पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली ती आजीव सभासदांच्या जोरावर. हे सभासद ठरलेला, बेताचा पगार घ्यायचे आणि सगळा वेळ संस्थेला द्यायचे. टिळक १८९० मध्ये तिथून बाहेर पडले. त्यामागच्या मतभेदांत एक मोठा मुद्दा असा होता की आजीव सभासदांनी पगाराखेरीज बाहेर कमवावं की नाही. संस्थेकडून पगार घ्यावा का, असा वाद नव्हता. पगार घेतल्यावर पूर्ण वेळ संस्थेचा की नाही, हा वाद होता. पुढे १९०५ मध्ये गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला, तेव्हा सभासदांच्या आणि त्यांच्या कुटुंबाच्या निर्वाहाची जबाबदारी संस्थेनेच घेतली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयतमध्येही आजीव सेवक आहेतच.

आणि आपण तर सिद्धरामेश्वरांच्या गावातले. बाराव्या शतकात त्यांनी इथं तळं खोदवलं ते लोकांच्या श्रमातून. शरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या काळातल्या संतांच्या, परंपरेत कायक म्हणतात ते घाम गाळून केलेलं, पोटाला देणारं काम, आणि दासोह म्हणजे त्या कमाईतून समाजाला देणं. कायक केल्याशिवाय दासोह करायचा कशातून? बाळी वेशीतल्या एका आजोबांनी आमच्या सभेत हे सांगितलं, तेव्हा त्या विषयावरची कुजबुज बऱ्यापैकी थांबली.

उलट बाजूही खरी आहे. देणगीदाराचा पैसा मुलांच्या वहीसाठी आलेला असतो, तो पगारात गेला तर त्याला लागणारच. म्हणून पगाराचा पैसा पगारासाठी म्हणूनच मागा. अहवालात तो रकाना सगळ्यांना दिसेल असा ठेवा. "इतर खर्च" या सदरात लपवलेला पगार जितका संशय वाढवतो, तितका उघड मांडलेला पगार कधीच वाढवत नाही.

कार्यकारी संचालकच हवा, की समन्वयक पुरेल?

माझं स्पष्ट मत: दहापैकी आठ संस्था माझ्याकडे संचालक मागायला येतात आणि त्यांना खरं तर अर्धवेळ समन्वयक हवा असतो. पावत्या, पत्रव्यवहार, तारखांची वही, स्वयंसेवकांना फोन, सभेचं इतिवृत्त. चार तासांचा, चोख माणूस. एवढ्याने सचिवाच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरतं.

संचालक तेव्हा, जेव्हा मंडळ काही निर्णय खरोखर सोडून द्यायला तयार असेल. कुणाला कामावर घ्यायचं, मंजूर अंदाजपत्रकात कुठल्या महिन्यात किती खर्चायचे, कुठल्या देणगीदाराकडे कोणता प्रस्ताव घेऊन जायचं. हे सगळं सभेतच ठरणार असेल तर दारावर "कार्यकारी संचालक" ही पाटी लावू नका. पद मोठं आणि अधिकार शून्य, अशा खुर्चीत चांगला माणूस टिकत नाही. टिकला तर त्याची उमेद जाते.

पैसा कुठून आणायचा?

आधी हिशेब पूर्ण करा. महिना ३०,००० पगार धरला तर वर्षाचे ३,६०,००० होतात. त्यावर प्रवास, फोन, संगणक, दिवाळीचा बोनस, प्रशिक्षण. मी ढोबळमानाने सव्वापट धरते, म्हणजे ४,५०,०००. माणूस नेमण्याआधी दीड वर्षाचे पैसे हातात असावेत असा माझा आग्रह आहे, म्हणजे या उदाहरणात ६,७५,०००. सहा महिन्यांच्या पैशांवर नेमलेला माणूस सातव्या महिन्यापासून स्वतःच्याच पगारासाठी देणग्या गोळा करत फिरतो. मुलांचं काम बाजूला पडतं.

हे पैसे साठवताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. आयकराची सवलत घेणाऱ्या संस्थेला वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षी उद्दिष्टांवर खर्च करावे लागतात. उरलेल्या १५ टक्क्यांहून जास्त मागे ठेवायचं तर कशासाठी ते लिहून देऊन, ठरलेल्या नमुन्यात, जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी ठेवता येतं. ते सीएंना विचारून मार्चच्या आधी करा, सप्टेंबरात नाही.

कंपन्यांच्या सीएसआर निधीबद्दल (समाजकामासाठी त्यांनी खर्चायचा पैसा) एक गैरसमज सगळीकडे ऐकू येतो: "सीएसआरमधून पगार चालत नाही, पाच टक्क्यांचीच मुभा आहे." ही पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीने स्वतःचा सीएसआर विभाग चालवायला केलेल्या प्रशासकीय खर्चावर आहे. प्रकल्प राबवणाऱ्या माणसाचा पगार हा प्रकल्पाच्या खर्चाचा भाग म्हणून मांडता येतो. प्रस्तावात तो तसा, कामाशी जोडून लिहा. अर्थात संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (कंपनी कार्य मंत्रालयाकडची) हवी. चिंचोळीच्या किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला एखादा कारखानदार नियमाने बांधलेला नसतो, तरी मनाने तयार असतो. त्याला "एका माणसाचा तीन महिन्यांचा पगार" असं नेमकं मागितलेलं पटतं.

परदेशी निधीला मात्र प्रशासकीय खर्चाची मर्यादा खरोखर आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीने ती ५० वरून २० टक्क्यांवर आली. आणि सोलापूरच्या घराघरांतली मुलं अमेरिकेत आहेत म्हणून हेही सांगते: भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी मुलाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी समजली जात नाही. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर समजली जाते, आणि मग एफसीआरए नोंदणीशिवाय ती घेता येत नाही. विचारायला अवघड वाटतं, पण विचारा.

पगार किती ठरवावा?

"आपण संस्था आहोत, कमीच देऊ" इथून सुरुवात करू नका. तो माणूस शाळेत, पतसंस्थेत किंवा दवाखान्याच्या कार्यालयात तेवढ्याच जबाबदारीचं काम करून किती मिळवेल ते चार ठिकाणी विचारा आणि त्याच्या जवळ जा. कारण तुमची स्पर्धा शेजारच्या संस्थेशी नाही, सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसशी आहे. समाजकार्याचं शिक्षण घेतलेली आपली मुलं-मुली पुण्याला जातात ती हौसेने नव्हे. इथं घराजवळ बरा पगार आणि मानाचं काम मिळालं तर राहणारे कितीतरी आहेत.

आमच्यातल्याच एका विश्वस्ताला पगारावर घेतलं तर?

सोपं वाटतं, आणि गावात सगळ्यात जास्त बोललं जातं ते याच गोष्टीवर. विश्वस्त म्हणून मोबदल्याचा हक्क आपोआप मिळत नाही; आधी संस्थेची घटना काढून त्यात काय लिहिलंय ते वाचा. आयकराच्या बाजूने, विश्वस्ताला किंवा त्याच्या नातेवाइकाला दिलेला पैसा कामाच्या मानाने वाजवी असावा लागतो, नाहीतर संस्थेची करसवलतच अडचणीत येते. विश्वस्ताच्या भाच्याला घेतानाही हेच लागू आहे का, हे सीएंना विचारून घ्या.

माझा सल्ला: त्या व्यक्तीने आधी विश्वस्तपद सोडावं, बदल अर्ज मंजूर होऊ द्यावा, मग इतरांबरोबर रीतसर मुलाखत द्यावी. मुलाखतीच्या खोलीत तिचे जवळचे मित्र नसावेत. तिची निवड झाली तर ती सगळ्यांसमोर झालेली असेल.

पगार न म्हणता "मानधन" म्हटलं तर पीएफ, नियुक्तीपत्र वगैरे टळतं ना?

नाव बदलल्याने नातं बदलत नाही. अंगणवाडी सेविकांना मानधनच मिळतं. तरी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला.

एक-दोन माणसांच्या संस्थेला तसंही फार काही लागू होत नाही, त्यामुळे पळवाट शोधायची गरजच नाही. भविष्य निर्वाह निधी साधारण वीस कर्मचाऱ्यांपासून, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि ग्रॅच्युइटी दहांपासून. व्यवसाय कराची नोंदणी मात्र पगार त्या कराच्या मर्यादेत बसत असेल तर एका माणसासाठीही लागते. तो कर वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी झाले की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान संस्थेतल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. हे तिला नेमणुकीच्या दिवशीच सांगा, लाजू नका.

आणि नियुक्तीपत्र द्याच. कामाचे तास, रजा, कुणाला उत्तरदायी, नोटीस किती दिवसांची. आमच्याकडे ते पहिल्यांदा दिलं नव्हतं. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

स्वयंसेवक दुरावतील का?

काही दुरावतील. आमच्याकडे एक काकू रोज रात्री साडेनऊला अभ्यासिकेचं कुलूप लावून घरी जायच्या, सात वर्षं. समन्वयक आला त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "आता पगाराचा माणूस आहे की, तो लावंल." कुलूप त्याने लावलं. पण काकू हळूहळू यायच्याच थांबल्या. कुलूप लावताना त्या प्रत्येक पोराशी दोन शब्द बोलायच्या, कोण जेवलं नाही ते त्यांना कळायचं. ते काम आमच्या कुठल्याच यादीत नव्हतं, म्हणून ते आम्ही कुणाला सोपवलंही नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

नंतर आम्ही पगारी माणसाची कामं लिहिण्याआधी स्वयंसेवकांची कामं लिहिली. गणित शिकवणं, पालकांच्या घरी जाणं, शनिवारची गोष्ट, कुलूप. ही कामं पगारी माणसाने ओढून घ्यायची नाहीत. त्याचं काम हे की शिकवायला आलेल्या माणसाला खडू, फळा आणि मुलं वेळेवर जागेवर मिळावीत. काकूंना घरी जाऊन बोलावून आणलं. त्या आल्या.

आमचे अण्णा संस्थापक आहेत. सगळं तेच बघतात. नवा माणूस आला तर त्यांचं काय?

हे आधी सोडवा. माणूस नंतर शोधा.

आमचा पहिला समन्वयक सात महिन्यांत सोडून गेला. हुशार, कष्टाळू, पूर्व भागातलाच मुलगा. त्याला सकाळी अध्यक्षांचा फोन यायचा की अमुक शाळेत जा, दुपारी माझा की पत्र तयार ठेव, संध्याकाळी संस्थापक यायचे आणि म्हणायचे, "हे कशाला? असं आपण कधी केलं नाही." नियुक्तीपत्र नव्हतं, त्यामुळे कुणाचं ऐकायचं हे त्यालाही दाखवता येईना. त्याने एकदा भर सभेत विचारलं, "मी नक्की कुणाचा माणूस?" कुणीच उत्तर दिलं नाही. महिन्याभराने त्याचा राजीनामा आला. दोष त्याचा नव्हता. आम्हा नऊ जणांचा होता, आणि त्यात मी होते.

दुसऱ्या वेळी आम्ही तीन गोष्टी लिहून काढल्या. पहिली, मंडळाच्या वतीने त्याच्याशी बोलणारी व्यक्ती एकच. बाकीच्यांनी जे सांगायचं ते तिच्यामार्फत. दुसरी, पाच हजारांपर्यंतचा, अंदाजपत्रकात बसणारा खर्च तो न विचारता करील, महिन्याला हिशेब देईल. धनादेशावर सह्या मात्र पूर्वीसारख्या दोन विश्वस्तांच्याच. तिसरी संस्थापकांबद्दल होती आणि तीच अवघड. ते ज्येष्ठ, संस्था त्यांनी स्वतःच्या दुकानाच्या माडीवर सुरू केलेली. त्यांना बाजूला सारायचं नव्हतं. आम्ही दोघी-तिघी त्यांच्या घरी गेलो आणि सरळ विचारलं, "अण्णा, यातलं कुठलं काम तुम्हाला स्वतःला करायला आवडतं?" ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोरांच्या आईबापाशी बोलायला." आता ते दर रविवारी कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत जातात, घरोघरी बसतात. कार्यालयात महिन्यातून एकदा येतात.

तुमच्या अण्णांचं उत्तर वेगळं असेल. पण प्रश्न त्यांच्या तोंडावर, मानाने विचारायला हवा. त्यांच्या मागे ठराव करून नव्हे.

कसा माणूस शोधावा?

पदवी बघा, पण आधी भाषा बघा. पूर्व भागात तेलुगूशिवाय आईचा विश्वास मिळायला वेळ लागतो. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे कन्नड लागते. शहरातल्या बऱ्याच वस्त्यांत दखनी उर्दू. मराठीत उत्तम अहवाल लिहिणारा आणि विड्या कारखान्यात देऊन परतणाऱ्या बायकांशी त्यांच्या भाषेत बोलणारा माणूस एकच असेल तर त्याला सोडू नका. मुलाखतीआधी त्याला एक संध्याकाळ तुमच्या कामात बसवा. तो मुलांकडे बघतो की मोबाइलकडे, एवढंच पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

कागदोपत्री काय काय करावं लागतं?

कार्यकारी मंडळाचा ठराव: पद, पगार, मुदत, अधिकार. घटनेत अशा नेमणुकीची तरतूद आहे का ते बघा. एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मध्ये "व्यवस्थापक" या शब्दाची व्याख्या आहे. विश्वस्त नसलेली, पण संस्थेच्या मालमत्तेचा कारभार बघणारी व्यक्ती त्यात येते. तुमच्या संचालकाला तितके व्यापक अधिकार देणार असाल तर त्याचं नाव धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीत घ्यावं लागेल का, हे वकिलांना आधीच विचारा. नुसत्या समन्वयकाला हा प्रश्न सहसा येत नाही.

नाहीच जमलं तर?

सहा महिने परिवीक्षाकाळ (प्रोबेशन) ठेवा आणि तिसऱ्या महिन्यात समोरासमोर बसा. काय जमतंय, काय नाही, दोन्ही बाजूंनी. आम्ही पहिल्या वेळी सातव्या महिन्यात राजीनामा हातात पडल्यावर बसलो. निरोप देताना अनुभवाचं पत्र द्या, राहिलेला पगार त्याच दिवशी द्या. सोलापूर लहान आहे. ते पोर उद्या तुमच्याच देणगीदाराच्या दुकानात भेटणार आहे.

आम्हाला एकट्याला परवडत नाही. दोन संस्थांनी मिळून एक माणूस घेतला तर?

जमतं, आणि लहान संस्थांना मी हेच सुचवते. सात रस्त्याजवळच्या दोन संस्थांनी गेल्या वर्षी तसं केलं. सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे. नियुक्तीपत्रं दोन, पगार दोन खात्यांतून, प्रत्येक संस्थेच्या तारखांची वही वेगळी. भांडण एकदाच झालं, सप्टेंबरात, कारण दोघींचं लेखापरीक्षण एकाच आठवड्यात आलं होतं. यंदा एकीने आपल्या सीएंकडून जुलैची तारीख मागून घेतली आहे.